पडद्यातल्या गावातले पैंजण

२ जुलै २००७, सोम.

सातवी ब चा माझा तास परत गणितानं खाल्ला. मु.अ. म्हणतात, "बाई, चित्रं काय, पोरं घरी पण काढतात." म्हटलं, मग बेरजा पण घरीच करू देत की सर. सरांचं तोंड एवढंसं झालं. चित्रकलेची बाई म्हणजे यांना शाळेच्या भिंतीवरचा तक्ता वाटते. खिळा पाहिजे असेल तेव्हा तक्ता खाली.

सुटल्यावर शोभाकडे, राजारामपुरीत. शोभा कांबळे, आमची कॉम्प्युटरची बाई. महिनाभर मागं लागली होती, घरी चला, माझं गाव दाखवते. गाव कसलं डोंबलाचं! कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक आख्खं गाव, जगभरची माणसं आपापली बाहुली करून तिथं हिंडतात. शोभाची बाहुली पंचवीस वर्षांची, कंबर मुठीत मावेल एवढी. मिस्टर दुबईला, त्यांचा बाहुला पण तिथं. शुक्रवारी दोघं तिथल्या समुद्रावर बसतात म्हणे. हसू आलं, ते गिळलं. एवढी दुष्ट नाही मी.

पण बाजार बघून डोकं फिरलं. साड्या, केस, डोळे, सोफा, झाडं, सगळं विकायला. तिथलं नाणं वेगळं. मी त्याला टिकल्या म्हणते. आणि या टिकल्या खरे पैसे देऊन घ्यायच्या!

"हातात काय येतं गं?"
"काही न्हाय."
"मग पैसे कशाचे?"
"दिसण्याचे, बाई."

शिकलीसवरली बाई आणि ही तऱ्हा. पडद्यातलं गाव म्हणे. (यापुढे प.गा. एवढं लांबण कोण लावणार.)

९ जुलै, सोम.

भराभरा लिहितेय. हे अक्षर उद्या मलाच लागायचं नाही.

शोभाच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आलाय. बाहुलीला पैंजण घ्यायचे होते. "तुम्ही हुपरीच्या, चांदीच्या गावच्या, तुम्हीच निवडा." गेलो प.गा.त. एका दुकानात बाकी काही नाही, भिंतभर नुसते पैंजण. मी नावं ठेवत बघत होते. हा जड दिसतोय, ह्याची कडी उलटी. आणि मग चौथ्या ओळीत...

करडईची नक्षी. माझी.

शोभाला म्हटलं, मोठं कर. अजून मोठं कर. पान, काटा, पान, काटा. नऊ पानं. सातव्या पानाचा काटा आत वळलेला. आत! करडईचा काटा जन्मात कधी आत वळत नाही. तो वळलाय कारण मी पंधरा वर्षांची असताना, परसात चांदीकामाच्या पत्र्याच्या शेडबाहेर चौकटीच्या वहीवर ही नक्षी काढत होते आणि सुकुमारनं, माझ्या धाकट्या भावानं, कोपराला धक्का दिला. सात वर्षांचा होता. पेन्सिल आत गेली. मी त्याला एक ठेवून दिली. आप्पा (वडील) म्हणाले, "राहू दे पद्मा, तसंच ठसा पाडूया, कोण काटे मोजतंय." तसाच लोखंडी ठसा पडला, तसेच पैंजण निघाले, गाडीभर. पावण्यांच्या लग्नात नवरीच्या पायाकडं बघायचे मी. सातवं पान शोधायचे.

शोभा म्हणाली, "बाई, रडताय काय?" रडत नव्हते. राग आला की माझे डोळे भरतात, त्याला मी काय करू?

१० जुलै

ह्यांना सांगितलं. हे बँकेतून दमून आलेले. आम्हा जैनांचं दिवस मावळायच्या आत जेवण, म्हणून घाईनं ताटावर बसलेले. "पद्मा, हवेतल्या पैंजणांवरनं रक्त आटवू नको. हुपरीत एकाची नक्षी दुसरा आठ दिवसांत उचलतो, तूच सांगतीस."

सांगते. खरंच आहे ते. आमच्याकडं चांदी वजनावर, मजुरी वजनावर. नक्षीला कोण विचारतंय? नक्षी म्हणजे वर फुकट. आप्पांनी मला एका नक्षीला एक लिमलेटची गोळी दिली. मला वाटायचं काय माझा थाट!

पण ह्या दुकानात चांदी नाहीच. वजन शून्य. मग तिथं विकतायत काय? फक्त माझी पेन्सिल. हे लिहिल्यावरच मला कळलं. गॅसवरची भाजी करपली.

१४ जुलै, शनि.

शोभाकडून स्वतःची बाहुली करून घेतली. केस निवडा, नाक निवडा. चव्वेचाळीस वर्षांची बाहुली मिळतच नाही. पांढरे केस घेतले तर थेट म्हातारी होते. वैतागून जे समोर आलं ते घेतलं. चालता येईना, दोनदा भिंतीत घुसले, एकदा कुणाच्या तरी अंगणातल्या तळ्यात. शोभा पोट धरून हसत होती. हस.

दुकानात गेले. मालक नव्हता. निरोप ठेवायची पेटी होती, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. काय लिहावं सुचेना. सवयीनं लिहून गेले, "वजन किती?" शोभा परत हसायला लागली. मग खाली लिहिलं, "नक्षी कुठनं चोरली?"

एक मात्र खटकलं. दारात पाटी आहे, इंग्रजीत. सोन्याचे पैंजण मिळणार नाहीत. शोभा म्हणते, इथं रंग बदलायला एक बटण. दोन मिनिटांचं काम, गिऱ्हाईक दुप्पट. मग का नाही?

पायात सोनं घालत नाहीत म्हणून! लक्ष्मी पायात घालायची नाही, हे अमेरिकेतल्या चोराला कोण सांगायला गेलंय? हा आमच्याकडचाच कुणीतरी. बाहेरच्यानं चोरलं असतं तर एवढं लागलं नसतं.

१६ जुलै, सोम.

विकत घेतले. स्वतःची नक्षी स्वतः विकत घेतली, लिहून ठेवते, कधी विसरायला नको. बाहुलीच्या पायात गेले. बरे दिसतात, मेले.

जोडाबरोबर एक चिठ्ठी उघडते. मालाची माहिती. त्यात लिहिलंय, नक्षी: कै. आप्पा, हुपरी. दुकान: सुकुमार आणि सौ. उज्ज्वला.

उज्ज्वला माझी भावजय.

१८ जुलै

दोन दिवस काही लिहिलं नाही. शाळेत पाचवीच्या पोरीनं हत्ती निळा रंगवला म्हणून तिच्यावर ओरडले. नंतर तिला म्हटलं, असू दे, निळाच छान आहे. पोरगी घाबरून बघत राहिली.

मला चोर परका पाहिजे होता.

२२ जुलै, रवि.

हुपरीला जाऊन आले. एस.टी.त मनातल्या मनात सगळं भांडण करून झालं होतं. तिथं गेल्यावर त्यातलं निम्मंही आठवलं नाही, भलतंच भांडले.

अव्वा (आई) सोप्यात घुंगरं निवडत बसलेली. लहान एकीकडं, मोठी एकीकडं, आता डोळ्यानं न्हाय, बोटानं निवडते. उज्ज्वलानं चहा आणला. मी कपाला हात लावला नाही. तिच्या लक्षात आलं.

सुकुमारला म्हटलं, करडईची नक्षी कुणाची?

"घरची."
"काढली कुणी?"
"अक्का, नक्षी काय कुणाच्या बापाची असती व्हय? हुपरीत ऱ्हाऊन हे विचारतीस?"
"मग चिठ्ठीवर आपल्याच बापाचं नाव कसं आलं रे? इतकी वर्षं कुणाच्या बापाची नव्हती, आणि आता पैसे द्यायला लागले तशी आपल्या बापाची झाली?"

आवाज चढला त्याचा. आप्पा बोलायचे तसाच बोलतो आता, हात कमरेवर.

"तुला पैसे पायजेत का? सांग की सरळ. किती पायजेत?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पैसे नकोत मला, असं पाच वेळा सांगितलं, पाचही वेळा त्याला वाटलं मी जास्त मागतेय. नाव पाहिजे, म्हटलं. चिठ्ठीवर. नक्षी: पद्मा. एवढंच.

"आणि आप्पांचं नाव पुसू? गेलेल्या माणसाचं? तुला काय वाटतंय का न्हाय?"

उज्ज्वला मधे म्हणाली, "मला तर म्हाईतच नव्हतं वन्सं, मी वहीतनं बघून काढलं कॉम्प्युटरवर. तीन महिने लागले." मी म्हटलं, तू गप. तू गप, असंच म्हटलं. सुकुमारनं पण तिला तेच सांगितलं. त्या घरात आज आमचं दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

मग मी वळले अव्वाकडं. म्हटलं, अव्वा, तू होतीस तिथं. धक्का ह्यानं दिला, मी ह्याला मारलं, तू मला ओरडलीस. सांग ह्याला.

अव्वाची बोटं थांबली. घुंगरांकडंच बघत म्हणाली, "तुमचे आप्पा बसायचे रोज कागद घेऊन. मी चुलीपाशी. कोण काय काढायचं, मला काय म्हाईत?"

परत घुंगरं निवडायला लागली. मोठं घुंगरू लहानांत टाकलं तिनं. मी बघितलं.

उठून आले. जेवले नाही. स्टँडवर एस.टी.ची वाट बघत शेंगदाणे खाल्ले, तेही खवट.

२३ जुलै

हक्कसोडपत्र काढलं कपाटातून. आप्पा गेल्यावर वर्षभरानं सही केली होती. सगळ्याच बहिणी करतात. सुकुमारनं साडी दिली होती, मोरपंखी. घर, शेड, दोन मशिनं, लोखंडी ठसे एकवीस. सगळं लिहिलंय. नक्षी कुठं लिहिलेली नाही. तिचं वजन करता येत नाही म्हणून ती कुणाला वस्तूच वाटली नाही. मलाही नाही वाटली. मीही डोळे झाकून सही ठोकली, शहाणी.

हे म्हणाले, वकिलाला विचारू? म्हटलं, नको. भावावर केस घालणारी बाई मला व्हायचं नाही. मग काय व्हायचंय, ते मात्र सांगता आलं नाही.

५ ऑगस्ट, रवि.

आठवडाभर रोज प.गा.त. शाळा सुटली की शोभाकडे. माझी बाहुली दुकानाच्या दारात उभी करते आणि येणाऱ्या प्रत्येक बाहुलीला लिहून सांगते, ही नक्षी मी काढलीय, हे खोटं लिहितात. माझं इंग्रजी शोभा दुरुस्त करते, मग मी तिखट करते. काही माणसं पळून जातात. एक निळ्या अंगाचा बाहुला (शेपूट होतं त्याला!) तासभर ऐकत उभा राहिला. शेवटी म्हणाला, माझी पण आई अशीच आहे. कुठल्या देशाचा कोण जाणे.

शोभा म्हणते, "बाई, हे धरणं झालं." झालं तर झालं.

आज उज्ज्वलाची बाहुली आली. निळी साडी, डोक्यावर पदर. प.गा.त पदर घेणारी ही एकटीच असेल. लिहिलं, "वन्सं, गिऱ्हाईक जातंय. हे ओरडतेत मला."

मी लिहिलं, "ओरडू दे. मी पण ओरडले तर कुठं बिघडलं?"

पाच मिनिटांत माझी बाहुली दुकानाबाहेर रस्त्यावर. परत आत जाता येईना. दारात लाल पट्ट्या दिसतात, त्यावर लिहिलंय, मनाई. शोभाचीही बाहुली हाकलली, ती माझ्याबरोबर होती म्हणून. शोभाचे पैंजण तिथलेच, बिचारी दुरुस्तीलाही जाऊ शकणार नाही. चहा केला तो बिनसाखरेचा.

माहेरच्या दारात मला मनाई. पडद्यातल्या का असेना.

२८ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. राखी पाठवली नाही. जन्मात पहिल्यांदा. पाकीट आणलं होतं, पत्ता पण लिहिला होता. ड्रॉवरमध्ये आहे. संध्याकाळपर्यंत फोनकडं बघत होते. त्यानं करावा म्हणून की करू नये म्हणून, माझं मलाच कळेना.

१८ सप्टें.

पर्व चालू. दशलक्षण. बस्तीत (आमच्या देवळात) रोज प्रवचन, आज विषय मार्दव, अहंकार सोडा. शेजारच्या काकू माझ्याकडं बघून मान हलवत होत्या, त्यांना काय माहीत आहे कोण जाणे. हुपरीची बातमी कोल्हापुरात यायला एस.टी. लागत नाही.

मला अहंकार आहे का? एक चौकटीची वही आणि एक पेन्सिल, एवढ्यावर कसला अहंकार. आप्पांवर राग काढायचा तर तोही काढता येत नाही. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही की ही पोरीची नक्षी. व्यापारी वाहवा करायचा, आप्पा नुसते हसायचे. मी दाराआड उभी, मला वाटायचं माझंच कौतुक चाललंय. तेव्हा ते हसणं फार आवडायचं मला. आता रोज ते आठवतं आणि रोज संताप होतो. गेलेल्या माणसाशी भांडायची सोय नाही.

२७ सप्टें., गुरु.

क्षमावणी. आज सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. सकाळपासून फोन. वर्षभर ज्यांचं तोंड बघितलं नाही ते पण म्हणतात, कळत नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. आपण पण उत्तम क्षमा म्हणायचं आणि फोन ठेवायचा. नऊ वाजेपर्यंत माझं निम्मं गाव माफ करून झालं होतं.

सव्वानऊला सुकुमार.
"अक्का, उत्तम क्षमा."
"कशाबद्दल?"
"आता कशाबद्दल म्हणून काय, म्हणायची पद्धत हाय की."
"पद्धत मलाही माहीत आहे. कशाबद्दल ते सांग."
"सणाच्या दिवशी तरी..." ठेवला फोन. मी उत्तम क्षमा म्हटलं नाही. बस्तीत हे कळलं तर काय म्हणतील? म्हणू देत.

दुपारी शोभाचा फोन शाळेत, आज ती रजेवर होती. "बाई, सुटल्यावर लगेच या. तुमची मनाई उठली."

गेले. दुकानाच्या दारातल्या लाल पट्ट्या गेलेल्या. उज्ज्वलाची बाहुली आत उभी, पदर घेऊन. इंग्रजी अक्षरांत तिचं मराठी वाचायला मला वेळ लागतो, ती थांबत थांबत लिहीत होती.

"वन्सं, उत्तम क्षमा. तुम्हाला बाहेर काढलो त्याबद्दल. वहीतनं बघून काढलो आणि विचारलो न्हाय कुणाची, त्याबद्दल."

तिनं कशाबद्दल ते सांगितलं. मी विचारायच्या आधी.

मग लिहिलं, "अव्वांना मी परवा विचारलो. घुंगरं निवडताना, कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, पोरगी काढायची. जेवायला हाक मारली तरी उठायची न्हाय. असं म्हणाल्या."

शोभानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला, मग परत धरला.

"चिठ्ठी बदललो बघा. आणि दुकानाची किल्ली तुम्हाला पण दिलोय. चिठ्ठी आता तुम्हाला पण बदलता येईल. ह्यांना सांगितलो न्हाय."

चिठ्ठी उघडली. नक्षी: पद्मा, हुपरी.

कोल्हापूर नाही, नवऱ्याचं आडनाव नाही. पद्मा, हुपरी. मी लिहिलं, उज्ज्वला, उत्तम क्षमा. तू गप म्हटलं होतं त्याबद्दल.

३० सप्टें., रवि.

चार दिवस सारखी उघडून बघतेय. शोभा म्हणते, झिजेल. एक परदेशी बाहुली पैंजण घेऊन गेली आणि जाताना विचारलं, पद्मा कोण? शोभाच्या बाहुलीनं माझ्याकडं बोट केलं. ती वाकून नमस्कार करून गेली! मी घरी येताना रंकाळ्यावर उगाच एक चक्कर मारली. भेळ खाल्ली, एकटीनं. ह्यांनी विचारलं, आज काय एवढं? म्हटलं, काही नाही.

वाईट वाटलं तर एवढंच की उज्ज्वलाचं नाव कुठंच नाही. दुकान दोघांचं, काम तिचं एकटीचं, तीन महिने. मी तिला लिहिलं, तुझंही घाल. ती म्हणाली, बघू.

३ ऑक्टो., बुध.

सुकुमारला कळलं. हुपरीतल्या कुणीतरी त्याला विचारलं, पद्मा म्हणजे तुमची अक्का व्हय?

शाळेत फोन केला त्यानं. मु.अ.च्या टेबलावरून घ्यावा लागला, ते कान लावून.

"आधी नाव, मग नोटीस. मला काय कळत न्हाय व्हय? आज चिठ्ठीवर, उद्या ठशावर, परवा शेडवर."
म्हटलं, मी कधी...
"तू न्हाय. दाजी हायत. त्यांचे भाऊ हायत. तुझी पोरं उद्या उभी ऱ्हातील. लेखी हाय म्हणतील."

मला त्याचा राग यायला पाहिजे होता, आला पण, पण त्याखाली एक गोष्ट कळली. तो घाबरलाय. खरोखर घाबरलाय. नाव हे फक्त नाव असू शकतं यावर त्याचा विश्वासच नाही. त्यानं आयुष्यात कागदावर बाईचं नाव फक्त हक्क सोडतानाच बघितलंय.

उज्ज्वलाचं इंटरनेट काढून टाकलं. कॉम्प्युटरवर चादर घातली म्हणे. आता चिठ्ठी कोण बदलू शकतं? फक्त मी.

५ ऑक्टो., शुक्र.

अव्वाचा फोन. शेजारच्यांच्या घरून, म्हणजे सुकुमारच्या नकळत किंवा सुकुमारनं पाठवल्यावरून. आवाजावरून दुसरं वाटलं.

"पद्मा, ते नाव पूस बाई. किल्ली तुझ्याकडं हाय म्हणे."
"अव्वा, खोटं पुसून खरं लिहिलंय त्यात."
"मी काय सांगतो ऐक. त्यो म्हणतोय, नाव पुसलं तर दिवाळीला अक्काला आणतो मी सोता, गाडी घेऊन. न्हायतर दार बंद. उज्ज्वलाशी पण बोलंना झालाय. पोरगी रडती."
मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले.
"लग्नात तुझं आडनाव बदललं, तवा रडलीस का? न्हाय रडलीस. हे तर टीव्हीतलं नाव."
म्हटलं, टीव्ही नाही गं अव्वा तो.
"काय असंल ते. रविवारपातूर सांग म्हणालाय."

जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू ठरव. मी ह्यात पडलो तर सुकुमारचंच खरं झाल्यासारखं होईल." ह्या माणसाला सगळं कळतं, आणि कळल्यावर तो पेपर वाचायला घेतो.

७ ऑक्टो., रवि.

शोभाकडे बसून लिहितेय. तिच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या बाजूला. ती आत आहे, मुद्दाम.

दुपारी तीनपासून चिठ्ठी उघडी आहे. दोनदा माझं नाव पुसून आप्पांचं लिहिलं. दोनदा परत माझं. शेवटचं बटण दाबलं नाही अजून, त्यामुळे बाहेर कुणाला काही दिसत नाही. दुकानात आज गिऱ्हाईक बरं आहे, रविवार ना.

मधे एकदा वाटलं, जोडीनं लिहावं. आप्पा आणि पद्मा. लिहून बघितलं. वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी काय काढलंय त्यातलं? गोळी दिली.

चार वाजता अव्वाला फोन लावला, शेजारच्यांच्या नंबरवर. त्यांनी बोलावून आणलं. धापा टाकत आली.

म्हटलं, अव्वा, पुसते. पण आधी मला एकदा तुझ्या तोंडानं सांग. सुकुमारला नको सांगू, उज्ज्वलाला सांगितलंस ते मला सांग. नक्षी कुणाची?

मागं कुणाच्या तरी मशीनची खडखड.

"तुझीच की गं," म्हणाली. "तुझी हाय म्हणून तर तुला पूस म्हणतोय. दुसऱ्या कुणाला सांगू मी?"

आणि फोन ठेवला तिनं.

पाच वाजून दहा. सहाला भारनियमन, ह्या भागातली लाईट जाते; तोवर बटण दाबलं नाही तर बाहेर आहे तेच नाव राहणार. सुकुमारला इथला नंबर कळवलाय, त्याचा फोन त्याआधी येणार. पडद्यावर पद्मा, हुपरी. शोभानं दारातून विचारलं, बाई, चहा टाकू? म्हटलं, टाक.